तोंडातली गोष्ट कागदावर: लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठी जोडीने कथालेखन

काही मुलं तोंडाने गोष्ट सांगायला लागली की थांबत नाहीत. राक्षस कसा आला, त्याच्या पायाखाली फांद्या कशा कडाकड मोडल्या, मुलगा ढोलीत कसा लपला, सगळं हातवाऱ्यांसकट. त्याच मुलाच्या हातात पेन्सिल द्या. दहा मिनिटांनी वहीत दिसतं: ‘एक मूलगा होता. तो जगलात गेला. मग राकशस आला. मग तो घरी गेला.’

मधली गोष्ट वाटेत अडकली. लिहिताना डोक्याला एकाच वेळी किती कामं सांभाळावी लागतात ते मोजून बघा. पुढे काय घडतं ते ठरवायचं, वाक्य जुळवायचं, हात तिथवर पोचेपर्यंत ते लक्षात ठेवायचं, शब्दातला एकेक आवाज सुटा करायचा, त्याचं अक्षर आठवायचं, वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षरात अर्धं कोण, आणि हे सगळं ओळ न सोडता. सरावलेल्या हाताचं यातलं निम्मं काम आपोआप होतं. डिस्लेक्सिया (वाचन-शुद्धलेखनातली विशेष अडचण) किंवा डिसग्राफिया (हाताने लिहिण्यातली विशेष अडचण) असलेल्या मुलाचं ते होत नाही. त्याची सारी ताकद ‘क्ष’ आठवण्यात संपते आणि तोवर राक्षस निघून गेलेला असतो. मग मूल पळवाट काढतं: लिहिता येतील तेवढेच शब्द वापरायचे. तोंडाने ‘अक्राळविक्राळ’ म्हणणारं मूल कागदावर ‘मोठा’ लिहितं, आणि वही तपासणाऱ्याला वाटतं की याला कल्पनाशक्तीच नाही.

वर्गातलंच दुसरं मूल शेजारी बसवून हा अडसर बराचसा दूर करता येतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या लेखनशिक्षणाच्या संशोधकांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेले लेखनाचे प्रयोग एकत्र करून तपासले. मुलांनी मिळून आखणं, लिहिणं, सुधारणं याचा सरासरी परिणाम त्यांना ०.७५ दिसला, लेखनाची रीत पायरीपायरीने शिकवण्याचा ०.८२. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच फरक नाही, आणि ०.८ च्या आसपासचा आकडा मोठा मानतात. वरचे दोन आकडे मी नेहमी जोडून वाचतो. दोन मुलांना नुसतं शेजारी बसवलं म्हणजे जोडी होत नाही. दोघांच्याही हाताशी एकच रीत हवी.

पुढे सगळीकडे ज्याला लिहायला अवघड जातं त्याला ‘लेखक’ म्हटलं आहे आणि मदत करणाऱ्याला ‘सोबती’. वर्गातही हेच शब्द वापरा. ‘हुशार मूल’ आणि ‘कच्चं मूल’ अशी विभागणी एकदा कानावर पडली की ती पुसता येत नाही.

जोड्या लावताना

पहिली चूक इथेच होते. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला सगळ्यात अडखळणाऱ्या मुलाशेजारी बसवलं जातं. अंतर इतकं असलं की सोबती कंटाळतो, भराभर सांगून मोकळा होतो आणि लेखक मान डोलावत उतरवून घेतो. त्यापेक्षा लेखनाच्या ओघाप्रमाणे मुलांची यादी करा. वर्गात २४ मुलं असतील तर यादी मधोमध दुमडा: पहिल्याची जोडी तेराव्याशी, दुसऱ्याची चौदाव्याशी, बाराव्याची चोविसाव्याशी. म्हणजे सगळ्यात अडखळणाऱ्याला मधल्या फळीतला सोबती मिळतो. त्याला स्वतःलाही मागच्याच वर्षी हे अवघड गेलेलं असतं आणि ते आठवतही असतं.

यादी भिंतीवर लावायची नाही, हे सांगायला नको. ती तुमच्या वहीत राहू दे, आणि मग स्वभाव बघून दोन-चार नावं हलवा. चिडवणारं मूल कितीही छान लिहीत असलं तरी सोबती म्हणून चालत नाही. सख्खी भावंडं शक्यतो नकोत. घरचा हिशेब वहीत उतरतो. एक-दोन राखीव सोबती तयार ठेवा, कारण ठरल्या दिवशी कुणीतरी गैरहजर असतंच.

जमलं तर सगळ्या वर्गाच्याच जोड्या करा. फक्त चार मुलांना सोबती दिले की बाकीच्यांना ती चार मुलं कोण ते कळतं. कुणाला कोणतं निदान झालं आहे हे सोबत्याला सांगायचं नाही. त्याला एवढंच पुरतं: ‘याच्याकडे गोष्टी भरपूर आहेत, लिहिताना हात मागे पडतो. तुझं काम त्या हाताला साथ द्यायचं.’

सोबत्याची तयारी

अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठका तरी यासाठी काढा. हा वेळ वाचवला तर पुढे सगळाच वाया जातो. पहिल्या बैठकीत तुम्ही लेखक व्हा आणि एका मुलाला सोबती करा. मुद्दाम अडखळा, खोडा, ‘मला नाही सुचत’ म्हणा. बाकीच्यांनी बघायचं की सोबत्याच्या कोणत्या बोलण्याने तुम्ही पुढे सरकलात आणि कोणत्या बोलण्याने मिटलात. मुलांना हे चटकन दिसतं.

सोबत्याला शिकवायच्या गोष्टी तीनच आहेत. विचारायचं, थांबायचं, आणि जसंच्या तसं लिहायचं.

विचारणं म्हणजे उत्तर आत न दडवता विचारणं. समजा लेखक सांगतो, ‘एक मुलगी होती. ती जिन्यात गेली.’

‘का गेली?’
‘आवाज आला म्हणून.’
‘कसला?’
लेखक गप्प. सोबतीही गप्प.
‘कुणीतरी चमचा ओढत नेतंय, तसा.’

आता हीच जागा दुसऱ्या तऱ्हेने बघा. ‘कसला आवाज? भुताचा ना?’ लेखक म्हणतो, ‘हो.’ चमचा गेला, भूत आलं, आणि ते भूत सोबत्याचं आहे. हे दोन्ही संवाद मुलांकडून वर्गात करून घ्या. गोष्ट कुणाची होती आणि कुणाची झाली, असा प्रश्न विचारा. शंभर नियम सांगून जे कळत नाही ते या एका चमच्याने कळतं.

थांबणं सगळ्यात अवघड, मोठ्यांनाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाचे तास तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलं बोलू लागली. अडखळणाऱ्या मुलाला मी तीनही कमी धरतो. सोबत्याला मनात दहा आकडे मोजायला सांगा. तोवर नजर कागदावर ठेवायची, लेखकाच्या तोंडावर नाही.

जसंच्या तसं लिहिणं म्हणजे पेन्सिल सोबत्याच्या हातात असली तरी शब्द लेखकाचे. लेखक ‘लई मोठा’ म्हणाला तर ‘लई मोठा’च लिहायचं, ‘खूप विशाल’ करायचं नाही.

आणि तीन वाक्यांना बंदी: ‘सोपं तर आहे’, ‘तसं नाही, असं लिही’, ‘दे इकडे, मी करतो’. शाबासकी द्यायची ती नेमकी. ‘छान’ म्हटल्याने काही कळत नाही. ‘चमच्याचा आवाज मला ऐकू आला’ म्हटल्यावर काय जमलं ते लेखकाला कळतं.

पायरी १: आधी बोलायचं

पेन्सिली खाली. दोघांच्या मध्ये सात प्रश्नांचं एक कार्ड. गोष्ट कुणाची आहे? कधी घडते? कुठे? त्याला काय हवंय किंवा तो काय करायला निघालाय? मग काय होतं? शेवटी काय होतं? त्याला काय वाटतं? कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांच्या लेखन शिकवण्याच्या पद्धतीत कथेसाठी हेच सात प्रश्न वापरतात, आणि लिंडा मेसन यांच्यासोबत त्यांनी २००५ साली तिसरीतल्या मागे पडलेल्या मुलांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात जोडीदाराची मदतही होती.

सातपैकी चौथा प्रश्न गोष्टीचा कणा आहे. नायकाला काहीतरी हवं असलं की गोष्ट आपोआप पुढे सरकते. नसलं की ‘मग तो इकडे गेला, मग तो तिकडे गेला’ सुरू होतं. सोबत्याने बाकीचे प्रश्न विसरले तरी ‘त्याला काय हवं होतं?’ हा विसरायचा नाही.

लेखक म्हणाला ‘मला काही सुचत नाही’, तर कोरं पान पुढे ठेवून उपयोग नाही. चार-पाच वस्तूंची एक पिशवी ठेवा: जुनी किल्ली, तुटकं बटण, एकच मोजा. एक वस्तू काढायची. ‘ही कुणाची? हरवली कशी?’ इतकं पुरतं. वस्तू हातात असली की मूल हवेतून काही काढत बसत नाही.

पायरी २: सात चौकोनांचा नकाशा

बोलून झाल्यावर कागदाचे सात चौकोन करायचे आणि प्रत्येकात एखादा शब्द किंवा साधं चित्र. वाक्य नाही. ‘जिना’, ‘चमचा’, ‘मांजर?’ इतकंच. मुलांना वाक्यं लिहायचा मोह होतो. मग एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि दुसऱ्यांदा लिहायला हातात जीव उरत नाही. नकाशा झाला की लेखक बोट ठेवत ठेवत पूर्ण गोष्ट एकदा तोंडाने सांगतो. सोबती ऐकतो आणि रिकामा चौकोन दाखवतो. पहिली बैठक इथेच संपवली तरी हरकत नाही.

पायरी ३: कच्चं लेखन, आधाराच्या पाच पातळ्या

सगळ्यात नाजूक जागा ही आहे, कारण मदत इथे कमी पडू शकते तशी जास्तही होऊ शकते. मुलांनी मुलांना शिकवण्याचे अभ्यासक कीथ टॉपिंग यांच्या ‘जोडीने लेखन’ या पद्धतीत यासाठी पाच पातळ्या आहेत, आणि त्यांहून सोयीची शिडी मला मिळालेली नाही.

पहिल्या पातळीवर सोबती सगळं लिहितो, लेखक सांगतो आणि नंतर बघून उतरवतो. दुसरीत लेखक लिहितो, अवघड शब्द आला की सोबती तो जागेवरच लिहून देतो. तिसरीत सोबती अवघड शब्द वेगळ्या कागदावर लिहितो, लेखक बघून आपल्या वाक्यात घालतो. चौथीत सोबती शब्द फक्त फोडून सांगतो: ‘कर्रकन. क, मग र वर रफार, मग अजून एकदा हळू म्हण, काय ऐकू येतं?’ पाचवीत लेखक सगळं स्वतः लिहितो, सोबती फक्त शेजारी असतो.

पातळी पूर्ण गोष्टीसाठी एकच हवी असं नाही. ज्याला वाक्यागणिक थकवा येतो त्याच्याबरोबर सुरुवात तिसऱ्या पातळीवर आणि शेवट पहिल्यावर, असं करा. गोष्टीचा शेवट बिचारा नेहमीच घाईत आटपला जातो, कारण तोवर हात दुखत असतो. शेवट सांगताना पेन्सिल सोबत्याकडे दिली की अचानक तीन ओळींचा शेवट येतो. ‘हे फसवणं नाही का?’ असं पालक विचारतात. तपासायचं काय आहे त्यावर ते ठरतं. शुद्धलेखन तपासायचं असेल तर आहे. गोष्ट रचता येते का हे बघायचं असेल तर पेन्सिल कुणाच्या हातात होती याने काय फरक पडतो? बोललेलं लिहून देणारं ॲप हाताशी असेल तर तेही पहिल्याच पातळीत बसवा. मात्र यंत्राने ऐकलेलं सोबत्याने मोठ्याने वाचून दाखवायलाच हवं, नाहीतर भलतेच शब्द आत शिरतात.

कच्च्या लेखनात खोडरबर बाजूला. चुकलं तर एक आडवी रेघ. एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे पुढे भर घालायला जागा राहते. सोबत्यालाही शब्द येत नसेल तर दोघांनी अंदाजाने लिहून खाली टिंबांची रेघ मारायची आणि पुढे जायचं. शब्दासाठी गोष्ट थांबवायची नाही.

पायरी ४: ऐकवणं

सोबती गोष्ट मोठ्याने वाचतो, जशी लिहिली आहे तशी, पूर्णविराम नसेल तिथे दम लागेपर्यंत. लेखकाला स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येते आणि निम्म्या चुका तो स्वतःच पकडतो. ‘थांब, थांब, इथे मांजराचं राहिलं!’ हे वाक्य आलं की समजा काम झालं. नंतर लेखक स्वतः वाचतो. वाचायला जड जात असेल तर दोघं एकत्र वाचतात, आवाजात आवाज मिसळून.

पायरी ५: सुधारणा, आधी अर्थाची मग अक्षरांची

संशोधक चार्ल्स मॅकआर्थर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली अध्ययन अक्षमता (वाचन-लेखनासारख्या शिकण्यातली विशेष अडचण) असलेल्या मुलांनाच एकमेकांची लेखनं सुधारायला शिकवलं होतं. त्यातला क्रम घेण्यासारखा आहे: आधी ऐकायचं, मग गोष्ट कशाबद्दल आहे आणि काय आवडलं ते सांगायचं, आणि त्यानंतरच दोन प्रश्न. कुठे नीट कळलं नाही? कुठे अजून ऐकायला आवडेल? यातून एक, फार तर दोन बदल. पाच बदल सुचवले की मुलाला ते पान फाडावंसं वाटतं. कोणता बदल करायचा हे लेखक ठरवतो. त्याला नाहीच करायचा, तर नाही.

अक्षरांकडे यानंतर वळायचं, आणि तिथेही सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘मूलगा’ वाचताना कुणी अडत नाही, ‘जगलात’ वाचताना अडतो. म्हणून ज्यामुळे वाचणारा अडखळतो त्या चुका आधी: राहिलेला अनुस्वार, गळलेली मात्रा, फुटलेलं जोडाक्षर. ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या गोष्टीला. एका गोष्टीत तीन शब्द पुरे. ते लेखकाच्या स्वतःच्या शब्दवहीत जातात आणि पुढच्या वेळी तो त्यातून शोधतो.

पायरी ६: पक्की प्रत

सुबक प्रत कुणी काढायची यावर भांडू नका. अर्धी लेखकाने, अर्धी सोबत्याने, नाहीतर टाइप करून. वर नाव लेखकाचं, खाली ‘सोबती’ म्हणून दुसऱ्याचं. आणि ही गोष्ट कुणीतरी वाचलीच पाहिजे: खालच्या वर्गात वाचून दाखवा, भिंतीवर लावा, चार गोष्टी शिवून पुस्तक करा. फक्त तपासली जाणारी गोष्ट मुलं फार दिवस लिहीत नाहीत.

वेळ आणि तुमचं काम

आठवड्यातून तीन वेळा, २० ते ३० मिनिटं, निदान सहा आठवडे. एका गोष्टीला तीन-चार बैठका लागतात. मुलं जोडीत असताना तुम्ही वह्या तपासत बसलात तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मे सोबती स्वतःच गोष्टी लिहीत असतील. प्रत्येक जोडीपाशी दोन मिनिटं नुसते उभे राहा आणि कोण जास्त बोलतंय ते ऐका. लेखकापेक्षा सोबती जास्त बोलत असेल तर तिथेच खुणेने सांगा. मी ओठांवर बोट ठेवतो, मुलांना कळतं.

आठवड्यातून एकदा फक्त सोबत्यांना बोलवा. त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात. ‘तो रोज तीच गोष्ट सांगतो.’ सांगू द्या, दर वेळी एक चौकोन बदलायला सांगा. ‘ती बोलतच नाही.’ मग शब्दांचा हट्ट सोडून चित्रांपासून सुरू करा. ‘मला कंटाळा आला.’ कंटाळा आला असेल तर सोबत्याला दोन आठवडे सुट्टी द्या, त्याच्यावर चांगुलपणाचं ओझं टाकू नका. त्याचं स्वतःचं लेखन मागे पडत नाही ना, हेही बघा.

भूमिका उलटवायलाही हव्यात. सतत मदत घेणाऱ्या मुलाच्या मनात ‘मी घेणाराच’ हे घट्ट बसतं. सहा आठवड्यांतून एकदा तरी त्याला खालच्या इयत्तेतल्या मुलाचा सोबती करा. सात प्रश्न त्याला पाठ असतात, आणि थांबून ऐकायचं म्हणजे काय हे इतरांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

एक मर्यादा स्पष्ट हवी. अक्षर-आवाजाची ओळखच कच्ची असेल, हात दुखेपर्यंत पेन्सिल दाबली जात असेल, तर त्यावर विशेष शिक्षकाचं वेगळं काम चालू राहायला हवं. सोबती त्या कामाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याच्यावर ती जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे.

प्रगती कशी मोजायची

सुरू करण्याआधी लेखकाकडून एकट्याने एक गोष्ट लिहून घ्या आणि जपून ठेवा. मग दर दोन आठवड्यांनी तीनच नोंदी: सातपैकी किती प्रश्नांची उत्तरं गोष्टीत आहेत, एकूण शब्द किती, आणि आधाराची पातळी कोणती होती. शुद्धलेखनाच्या चुका मोजू नका. सुरुवातीला त्या वाढतात, आणि वाढायलाच हव्यात. मूल आता ‘मोठा’ सोडून ‘अक्राळविक्राळ’ लिहायचा प्रयत्न करत असतं.

सोबती बाजूला होताना

पाचव्या पातळीवर दोन कथा लिहून झाल्या की सोबत्याला एक बाक मागे बसवा. कार्ड लेखकापाशी राहू दे. त्याला हवं तेव्हा तो मागे वळून एक शब्द विचारेल. पुढे कार्डही काढून घ्या आणि प्रश्न पाठ म्हणून घ्या. या काळात दोघांनी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं भेटून एवढंच बोलायचं की हे सात प्रश्न आपण अजून कुठे वापरले: घडलेला प्रसंग लिहिताना, इतिहासातली लढाई सांगताना, कुणाला पत्र लिहिताना. मोठी सुट्टी झाली, मूल आजारी पडून आलं, किंवा परीक्षेच्या धास्तीने पुन्हा चार ओळींवर आलं, तर घाबरून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. सोबत्याला परत शेजारी बसवा आणि एकच पातळी खाली उतरा.